एका बोटानं वळणारी गाडी

चाक वळेना. भगवंतरावांनी पाय रोवला, दोन्ही हातांनी चाक ओढलं, कपाळाची शीर टरारून फुगली, तेव्हा कुठं गाडीनं गोठ्याच्या दिशेला जरा मान फिरवली.

"काल संध्याकाळी तं करंगळीनं वळत होती बे," ते म्हणाले. "अन् आज दुपारी इवाई येऊन राह्यले."

इंद्रभान मिस्त्री गाडीखालून म्हणाला, "गाडीले कोठं माहीत इवाई कोन ते?"

महाराष्ट्र नवा होता आणि गाडी जुनी. अमेरिकेत जन्मली, मुंबईत म्हातारी झाली आणि डोणगावात भगवंतरावांकडे नांदायला आली. लांबी अशी, की तोंड चावडीशी पोचलं तरी शेपूट घरच्या ओट्याशीच. तिला पॉवर स्टिअरिंग होतं. माणसानं नुसतं मनात आणायचं. बाकीचा जोर इंजिन लावणार, तेलाच्या दाबानं. हे भगवंतरावांनी गावाला सांगितलं, बाजाराला सांगितलं, बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्या आईलाही सांगितलं. "त्या लाल तेलाचा गुन हाये, माय. अकडलेलं लोखंड भी नरम पडते."

तेवढ्यावर थांबायचं होतं. पण लेकीच्या लग्नात, तिच्या सासरच्या गावी, उंद्रीच्या मंडपात, ते भर पंगतीत बोलून गेले, "गाडी करंगळीनं वळवतो. नाही वळली तं मिशी उतरवतो." लेकीचे सासरे दयाराम इवाई हसले, म्हणाले, "येतो पाहाले." आणि ती मिशी काही साधी नव्हती. दोन्ही टोकांवर लिंबं ठेवून भगवंतराव अख्खा बाजार फिरत आणि लिंबं जशीच्या तशी घरी आणत. वडील गेले तेव्हा एकदाच ती उतरली होती. आई जिवंत असताना मिशीला वस्तरा लागणं म्हणजे काय, ते वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून मेहकरहून इंद्रभान आला होता आणि परवापासून मुक्कामाला होता. त्यानं पुढची चाकं जॅकवर उचलून पाहिली; अधांतरी ती लोण्यासारखी फिरत. म्हणजे सांधे बरे. हवा बरी. पंपाचा पट्टा ताठ. मग त्यानं तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. डबी कोरडी. तेल भरलं, गाडी बोटावर नाचली, घरात शिरा झाला. सकाळी डबी पुन्हा कोरडी.

नळ्यांवर बोट फिरवलं, बोट कोरडं. काल डबी पुन्हा भरली आणि रात्री गाडीखाली भगवंतरावांचं पांढरं धोतर पसरलं. सकाळी ते दुधासारखं पांढरं. डबी मात्र रिकामी, आणि मुंबईहून आणलेला तेलाचा डबाही रिकामा.

"भाऊ," इंद्रभान म्हणाला, "तेल खाली सांडत नाही, वर उडत नाही. गाडीच पेऊन राह्यली ते."

"मंग दुसरं कोनतं टाक."

"पंप बसन. मंग बैल जुपा."

भगवंतराव ओट्यावरून फाटकाशी गेले, फाटकापासून ओट्यावर आले. मिशीला पीळ देत, सोडत, पुन्हा देत. जेवायला बसले तर घास फिरेना. समोर आई जेवत होती. सत्यभामाबाईंचे गुडघे कित्येक वर्षांपासून लाकूड झाले होते. निरगुडीचा शेक झाला, बिब्ब्याचे चटके झाले. बाजेवरच ताट यायचं. आज म्हातारी पाटावर बसली होती, डावा पाय मोडून, उजवा लांब करून. भगवंतरावांनी पाहिलं, पण त्यांचं मन रस्त्यावर होतं.

"नवा डबा कवा येईन मुंबईहून?" आईनं विचारलं.

"आठ दिवस तरी लागतीन."

"एवढे?" म्हातारीनं सुस्कारा सोडला. आपल्या मिशीची हिलाही काळजी, असं वाटून भगवंतरावांचे डोळे भरले.

दुपारी दयाराम इवाई कंबर धरत मोटारीतून उतरले. मागं निम्मी उंद्री. भगवंतराव गाडीत बसले. इंजिन सुरू केलं. करंगळी चाकावर ठेवली. करंगळी वळली, चाक नाही.

"दुसरी बोटं भी लावा भगवंतराव," दयाराम म्हणाले. "आमी मोजत नाही."

भगवंतराव खाली उतरले. घाम पुसला. "पुंजाजीले बोलवा."

पुंजाजी न्हावी आला. त्यानं धोपटी उघडली, मिशीला पाणी लावलं, वस्तरा पट्ट्यावर घासला. कुणी हसेना. इवायांचंही हसू आटलं; पण शब्द शब्द होता.

तेवढ्यात घराचं दार धाडकन उघडलं. सत्यभामाबाई ओट्याच्या पायऱ्या उतरल्या, अंगण ओलांडून आल्या आणि त्यांनी पुंजाजीचं मनगट धरलं.

"मी जिती असतांना माह्या लेकाची मिशी काढतं काय बे?"

पुंजाजीच्या हातातून वस्तरा पडला. पण बघत सगळे म्हातारीच्या पायांकडे होते.

"बुढीमाय," दयाराम म्हणाले, "लग्नात तं तुमाले खुर्चीवर बसवून चौघांनी आनलं होतं."

इंद्रभाननं नाक वर केलं. म्हातारीच्या लुगड्याला पंपाच्या तेलाचा वास येत होता.

"माय," भगवंतराव हळूच म्हणाले, "ते तेल..."

"तूच म्हनला होता, अकडलेलं लोखंड नरम पडते. मंग माहा गुडघा काय लोखंडाहून गेला?"

मग दयारामांनी खाली वाकून वस्तरा उचलायचा प्रयत्न केला, अर्ध्यात अडकले, कण्हत सरळ झाले. "पुंजाजी, धोपटी आवर बाप्पा," म्हणाले. आणि कंबरेवर हात ठेवून म्हातारीच्या कानाशी आले. "माय, नवा डबा कवा येते?"

"येऊ द्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पयले माहा उजवा, मंग तुमची कंबर. उरलं तं गाडीत टाकू."