छातीवरचं कोकरू

मशीनचे ठोके सुरू झाले, की मुठा गावचे मेंढपाळ म्हसूआबा मान हलवत आणि मेंदूचं चित्र पुसट येई. एमआरआय काढणारी पल्लवी त्यांचीच लेक. शेवटी ती माइकवर म्हणाली, "आबा, आजारी कोकरू छातीवर घेऊन निजता न्हवं, तसं पडून ऱ्हावा."

"आगं, मंग आदीच सांगायचं की!"

त्यानंतर आबा जराही हलले नाहीत. चित्र इतकं स्पष्ट आलं, की आधीच्या पुसटपणात न दिसलेल्या बारीक गाठी मेंदूभर पसरलेल्या दिसल्या.

बाहेर आल्यावर आबांनी ऐटीत विचारलं, "हाललो का बघ! आला का न्हाई चांगला फोटू?"

त्यांच्या पायांत वहाणा सरकवायला पल्लवी खाली वाकली.

"लई चांगला आला, आबा."