उजेड जाईल

“‘...आणि मास्तरांचा लहान मुलांवर फार जीव होता,’” एउसेबियोनं वाचलं आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

“जोरात वाचा,” कासिल्दा म्हणाली. “मला ऐकू येत नाही.”

खालच्या गल्लीत कुणी दबक्या आवाजात शिवी हासडली तरी तिला ऐकू यायची. पण त्यानं आवाज चढवला. तो पोरांसाठी थोरामोठ्यांची चरित्रं लिहायचा, आणि पोरांसाठी लिहिणारे लोक खोटं बोलताना जरा जास्तच गोड बोलतात. ही मास्तरांची, साऱ्या स्पेनला ठाऊक असलेल्या चित्रकाराची बायको. तिनं हो म्हटल्याशिवाय पुस्तकात एकही चित्र छापता येणार नव्हतं.

सोरियातली हाडं फोडणारी थंडी. दोघांनी टेबलाच्या जाड कापडाखाली, शेगडीपाशी पाय घातले होते. कासिल्दा दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत. शेगडीपासून लांब, कोपऱ्यात मास्तरांची खुर्ची. खुर्चीत त्यांचा तपकिरी कोट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. त्या गुंड्या रोज सकाळी तीच लावायची. शेजारी विहिरीच्या पाण्यानं भरलेलं घमेलं. पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती.

“पुढे?”

“पुढे ते गाजलेलं चित्र, ‘ओढ्यातली मुलगी’. ‘त्यासाठी मास्तरांची लाडकी लेक निएवेस हसत हसत उभी राहिली. नंतर ती तापानं देवाघरी गेली. मास्तर फार रडले.’”

“रडला? तो?”

“बाईसाहेब, पोरांचं पुस्तक आहे हे.”

“माझी निएवेस काय म्हातारी होती?”

एउसेबियोनं हातातला कागद खाली ठेवला.

“मी सांगते तसं लिहा. छापू नका. फक्त या खोलीत एकदा मोठ्यानं वाचा, मग खुशाल फाडा. नाहीतर चित्रं विसरा.”

त्यानं निमूट लिहून घेतलं. मग घसा खाकरून वाचलं:

“‘चित्रात पाण्याचा गारठा दिसायला हवा, म्हणून बापानं पोरीला याच खोलीत विहिरीच्या पाण्यात अनवाणी उभं केलं. आई मध्ये पडली, तर तिला ढकलून आतून कडी घातली. पोर कुडकुडली की तो म्हणायचा, हलू नकोस हं, राणी. उजेड जाईल. तिचे पाय निळे पडले. त्याला तो निळा आवडला. पोर गेली तेव्हा तो तोच निळा घोटत बसला होता.’”

कागद फाडून त्यानं शेगडीत टाकला. एवढ्या थंडीत त्याला घाम फुटला होता.

“हे ऐकून कुणाला झोप लागेल का, बाईसाहेब?”

“नाही लागणार,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. “छापा तुमचा तो जीव-बीव. चित्रं दिली.”

तो हॅट उचलून निघाला. जाता जाता कोपऱ्यापाशी ओशाळून वाकला.

“येतो, मास्तर.” मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, “अर्धांगाच्या झटक्यानंतर यांना काही समजत नाही ना?”

“डॉक्टर तसं म्हणतात.”

तो गेल्यावर कासिल्दानं आतून कडी घातली. कोटाची कॉलर ओली झाली होती. वरच्या दोन डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. तिनं खाली बसून त्याचे मोजे काढले आणि एकेक पाय घमेल्यात सोडला.

“हलू नकोस हं, राजा. उजेड जाईल.”