पहाटेचा तास

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठानं तास रेकॉर्ड करून ॲपवर टाकले, तेव्हा दुर्गे सरांना वाटलं होतं, ऐकणार कोण? पण ॲपवरच्या नोंदींनुसार सिंदेवाहीकडची करिष्मा रोज पहाटे त्यांचा इतिहासाचा तास लावायची. एकच तास तीन-तीनदा. मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत अख्खं गाव जंगलात असतं, तेव्हाही तिचा खंड पडला नाही.

सरांनी कौतुकानं तिचं नाव वर कळवलं. घरच्या गलक्यात पोरीला नीट ऐकू येत नसेल, म्हणून विद्यापीठानं तिला हेडफोन पाठवला.

हेडफोन पोचला आणि तिचं ऐकणंच बंद झालं. काही दिवस वाट पाहून सरांनी फोन केला. तिच्या आईनं, भागीरथाबाईंनी उचलला.

"बाई, करिष्मा हल्ली तास ऐकत नाही?"

"करिष्मा नाई राह्यली, सर. मोहा वेचतानी वाघानं मारलं तिले."



"एकटीच होती का?"

"एकटीच जाये. पन तुमचा तास फुल आवाजात लावून ठेवे. मानसाचा आवाज असला का वाघ जवळ येत नाई, म्हने. जंगलात तिले तुमचीच सोबत होती, सर."

मग बाई म्हणाल्या,



"त्या दिवशी तिनं तुम्ही धाडलेला हेडफोन लावून पाह्यला."