आपल्या मातीतला कॉम्प्युटर

साहेबांच्या कारखान्यात परदेशी घरगुती कॉम्प्युटर खोक्यांतून यायचे. त्यांच्यावर देशी नावाची पाटी चिकटायची आणि ते ‘आपल्या मातीतला कॉम्प्युटर’ म्हणून बाजारात जायचे. घरात मात्र निवृत्त साहेबांना सगळे ‘संशोधक’ म्हणत, आणि साहेबांनीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता.

आज संग्रहालयाच्या बाई साहेबांनी जपलेला एकमेव कॉम्प्युटर तपासून न्यायला आल्या होत्या. काचेच्या कपाटात तो साहेबांच्या नावासकट मांडला जाणार होता. म्हणून सकाळीच साहेबांनी तो गुपचूप उघडून आतल्या बोर्डावरचं परदेशी नाव कानशीने घासून टाकलं होतं.

बाईंनी पहिला स्क्रू काढला तशी साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

“अहो, पंख्याखाली बसा,” बायको म्हणाली. “त्या कॉम्प्युटर उघडतायत, तुमचं पोट नाही.”

बाईंनी टॉर्च मारून आतला कानाकोपरा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि झाकण लावलं.



“काका, हा नकली आहे. अस्सल देशी कॉम्प्युटरच्या आत परदेशी नाव असतंच.”