लाँच सुटेल

पडद्यावर नायिकेच्या बापाचा माणूस निरोप घेऊन होडीतून उतरला आणि सिकंदर मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"चल," ते बायकोच्या कानाशी लागले, "लाँच सुटेल."

"कसली लाँच?" जोबेदाने पडद्यावरची नजर काढली नाही. "पुलावरून आलोय आपण. गाडी बाहेर उभी आहे. बसा खाली."

मागून कुणीतरी "ओ चाचा, डोकं," म्हणालं. मास्तर बसले, पण बसले म्हणायचं इतकंच. गुडघा हलत होता. तो दाबून धरला तर दुसरा हलायला लागला. बारिसालच्या या थेटरात ईदसाठी जुना सिनेमा पुन्हा लावलाय, असं नातीने, तुलीने, सांगितलं तेव्हाच त्यांनी पाठदुखीचं निमित्त काढलं होतं. पण नात ऐकेना, आणि नानीला तर तिच्याहून घाई.

हा सिनेमा पहिल्यांदा लागला ते साल त्यांच्या लग्नाचं. लग्न पळून जाऊन केलेलं. तालुकदारांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवणारा मास्तर त्यांचीच लेक घेऊन नदीपार झाला होता. सिनेमातही नेमकं तेच, जमीनदाराची लेक, नावाड्याचा मुलगा आणि ऊठसूट गाणी. मास्तर आधी एकटे जाऊन पाहून आले आणि त्यांची झोप उडाली. बाप निरोप धाडतो, माफ केलं, घरी या. दोघं गात गात होडीतून निघतात, आणि काठावर बाप बंदूक घेऊन उभा. पुढे जोबेदाने हट्ट धरला तेव्हा त्यांनी तिला नेलं, पण निरोप येताच उठवलं. वाटेत सांगितलं, "पुढे काही नाही. बापाने जवळ घेतलं, संपलं." त्यानंतर सिनेमा जेव्हा जेव्हा लागला, तेव्हा तेव्हा याच जागी लाँच सुटायची वेळ झाली.

त्याच वर्षी तालुकदारांचाही निरोप आला होता. माफ केलं, घरी या. सिनेमातल्या बापाची तरफदारी मास्तर स्वतःच करून बसलेले, आता नको म्हणणार कोणत्या तोंडाने? पण जोबेदाच म्हणाली, "मला लाँचमध्ये मळमळतं. मी नाही जायची." दुसरा निरोप आला नाही. आली ती तालुकदार गेल्याची बातमी. मास्तरांनी तिला कधी काही विचारलं नाही. ती आपल्यासाठी राहिली, असं मनाशी धरून त्यांनी संसार केला.

होडी नदीच्या मध्यावर आली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी आधीच पदर डोळ्यांना लावले. मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते, ते जोबेदाकडे बघत होते. आता हिला कळणार, की नवरा जन्मभर खोटं बोलला. गाणं ऐन रंगात होतं, काठ अजून दिसलाही नव्हता. जोबेदाने पानाचा डबा मांडीवर ठेवला आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

मग बंदूक उडाली.

बाहेर तुली मोबाइल समोर धरून लोकांची मतं टिपत होती.

"बाप कसला, कसाई आहे," नाक पुसत एक जाडगेले गृहस्थ म्हणाले.

"ती पोरगीच बावळट," कॉलेजातली एक मुलगी म्हणाली. "बोलावलं की लगेच जायचं का?"

"एवढी गाणी म्हणत बसले म्हणून," तिसऱ्याने झालमुरीच्या चटपटीत कुरमुऱ्यांचा बकाणा भरला. "गुपचूप वल्हवलं असतं तर अंधारात निसटले असते."

खांबाआड मास्तरांनी बायकोला गाठलं.

"तू आधी पाहिला होतास?"

"शेजारच्या राबेयाबरोबर. तुम्ही शाळेत गेला होतात तेव्हा."

"कधी?"

"तुम्ही मला अर्ध्यातून उठवून आणलंत, त्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही इतक्या मायेने खोटं सांगत होतात." जोबेदाने पानाला चुना लावला. "म्हटलं, सांगू देत."

मग मास्तरांनी जन्मभर न विचारलेलं विचारलं. "आणि तुझ्या बाबांचा निरोप आला तेव्हा? मळमळत नव्हतं तुला?"

"मला लाँचमध्ये कधी मळमळलंय?" पान हातातच राहिलं. "भीती वाटली. तुमच्यासाठी वाटली. सिनेमा पाहून महिना झाला नव्हता, डोळ्यांसमोर ती बंदूकच यायची."

तेवढ्यात तुली मोबाइल घेऊन पुढ्यात आली. "नानी, आता तू. बाप कसा वाटला ते सांग."

"तिला नको विचारूस," मास्तर मध्ये पडले. "दमलीय ती."

"विचारू दे," जोबेदा म्हणाली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ मोबाइलकडे बघितलं. "सिनेमातल्या बापाचं बरं असतं. शेवटी कळतं तरी, कसा होता ते."

"म्हणजे काय गं?" तुली हसली. "नीट सांग ना. नाना, काय म्हणतेय ही?"

मास्तरांनी जोबेदाचा दंड धरला.

"चल," ते म्हणाले, "लाँच सुटेल."

आणि जोबेदा मुकाट्याने त्यांच्याबरोबर निघाली.