तुझं होऊ दे

नवरा गेल्यापासून करुणा चर्चमधल्या महिला प्रार्थनासभेला यायची, पण देवाशी बोलायची नाही. प्रार्थनेची पाळी फिरत फिरत तिच्यापाशी आली, की मिटल्या डोळ्यांनीच शेजारणीला कोपर लावायची. म्हणजे, पुढे तुम्ही घ्या.

त्या शुक्रवारी कोपर लागलं तरी एस्तेरमावशी गप्पच.

"मावशी, घ्या ना," करुणा पुटपुटली.

"तुझं होऊ दे. प्रभूला कुठे एसटी गाठायचीय?"

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्या बायका डोक्यावर पदर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. चहाची वेळ टळली. करुणाला आधी त्यांचा राग आला. मग हळूहळू लक्षात आलं, राग त्यांचा नव्हताच.

"प्रभू," ती म्हणाली, "मी तुझ्यावर रागावलेय."

मावशींनी 'आमेन' म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा हो मावशी," करुणा म्हणाली, "आत्ता कुठे बोलणं सुरू झालंय आमचं."