रेल्वेचं हॉटेल

समुद्र दाराशी येऊन ठेपला म्हणून न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं, रेल्वे कंपनीनं एकशेचाळीस वर्षांपूर्वी बांधलेलं ते चारमजली लाकडी हॉटेल पाडायचं ठरलं होतं. पाया तपासून रिपोर्टवर सही करायला इंजिनियर अहिल्या पिस्कॅटवेहून आली. टॉर्च घेऊन तळघरात उतरली आणि जागीच थबकली. तुळयांखाली पाया नव्हताच. रुळांवर रांगेनं मालगाडीची गंजलेली लोखंडी चाकं उभी होती. सोबतची म्हातारी केअरटेकर हसली. “माझ्या पणजीच्या वेळीही समुद्र असाच आत घुसला होता. तेव्हा सहा इंजिनं जोडून अख्खं हॉटेल सहाशे फूट मागं ओढलं. पणजी वरती चहा देत होती. एकही कप फुटला नाही.” अहिल्येनं चाकावर तळहात टेकवला. ऑफिसातून सहकारी निमिषचा फोन आला. “रिपोर्ट साइन केलास?” “पाडायचं नाही रे. रूळ टाकणारी माणसं शोध.”